दाराच्या वरच्या कोपऱ्यातले आखूड कुसू

पेण किंवा रोह्यातल्या एखाद्या घराचे लाकडी पॅनेलचे दार एकदा आषाढात बघावे आणि पुन्हा फाल्गुनात. आषाढात ते चौकटीला घासते, खांद्याने रेटल्याशिवाय कडी लागत नाही. फाल्गुनात तेच दार सहज फिरते, पण वरच्या कोपऱ्यात, उभी आणि आडवी पट्टी जिथे भेटतात तिथे, रंगाला बारीक चीर गेलेली दिसते. दोन-चार पावसाळ्यांत त्या चिरेत नख जाते, मग पोस्टकार्ड जाते, आणि एक दिवस दार खाली लोंबते. घरमालक म्हणतो लाकूड कच्चे होते. सुतार म्हणतो पाऊस फार झाला. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी मूळ दुखणे बहुतेक वेळा सांध्यात असते. कुसू म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला काढलेली, उभ्या पट्टीच्या भोकात बसणारी जीभ. त्या कोपऱ्यात मुख्य कुसवाच्या शेजारी एक आखूड कुसू असायला हवे होते आणि ते ठेवलेले नसते. सुताराला ते येत नाही म्हणून नव्हे, त्याला लागणारा वेळ आजच्या दरात बसत नाही म्हणून. हाताने चालवायचे राउटर मशीन आणि त्याला वाट दाखवायला प्लायच्या तुकड्यांतून केलेला एक साधा जिग हे वेळेचे गणित बदलू शकतात. पेण-रोह्यासारख्या ओल्या मुलखात तर ते बदललेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आधी लाकडाचा स्वभाव समजून घेऊ. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पॉलिश किंवा रंग दिल्याने ही देवाणघेवाण मंदावते, थांबत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर रेंगाळते आणि लाकडातले पाणी हळूहळू १८ टक्क्यांपर्यंत चढते. कोरड्या महिन्यांत ते ११-१२ टक्क्यांवर उतरते. या ६ टक्क्यांच्या चढउताराने लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत हलते. साग हे त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी आडव्या अंगाने कापलेली सागाची फळी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्का फुगते किंवा आकसते. म्हणजे १०० मिलीमीटर रुंदीची पट्टी पावसाळा ते उन्हाळा सुमारे १.१ मिलीमीटर आतबाहेर होते आणि खालची २०० मिलीमीटरची पट्टी सव्वादोन मिलीमीटर. पेणच्या पापड करणाऱ्या बायकांना हवेतल्या ओलाव्याचे भान लाकूड कापणाऱ्यापेक्षा जास्त असते. वाळवण कधी घालायचे आणि कधी आवरायचे हे त्यांना सांगावे लागत नाही. दारालाही तीच हवा लागते.

आता हा फुगवटा सांध्यात काय करतो ते पाहू. आडव्या पट्टीच्या टोकाला कापलेले कुसू उभ्या पट्टीतल्या भोकात जाते. कुसवाची रुंदी फुगते, कारण ती आडव्या पट्टीच्या रेषांना आडवी आहे. पण भोकाची लांबी उभ्या पट्टीच्या रेषांच्या दिशेने असते, ती तसूभरही वाढत नाही. म्हणून पावसाळ्यात कुसू भोकाच्या वरच्या-खालच्या भिंतींवर रेटा देते. दाराच्या मधल्या पट्टीत हे खपून जाते, तिथे वरखाली भरपूर लाकूड असते. वरच्या कोपऱ्यात मात्र भोक उभ्या पट्टीच्या टोकापर्यंत आले तर वर भिंतच उरत नाही, किंवा उरते ती बोटभर. तेवढे लाकूड रेषांच्या दिशेने फाटायला तयारच असते. हे टाळायला जुन्या सुतारांनी कुसू वरून कमी केले आणि टोकापासून खाली आणले. भोक वाचले, पण दुसरी अडचण उभी राहिली. आडव्या पट्टीचा वरचा भाग आता नुसता टेकलेला राहिला, त्याला धरणारे काही नाही. लाकूड पिळले की तो भाग पुढे-मागे सरकतो, आणि पॅनेलसाठी पाडलेली खाच टोकाशी उघडी दिसते. मग कमी केलेल्या भागात कुसू अगदी शून्य न करता बोटभर आखूड ठेवायचे, एवढीच युक्ती. इंग्रजीत त्याला हाँच म्हणतात, आणि आपल्याकडच्या कारखान्यांतही तोच शब्द रुळला आहे. लांब कुसू ओढ सोसते, हाँच पीळ सोसतो, आणि दोघांच्या वर टोकाशी पुरेसे लाकूड शाबूत राहते.

मोजमापाने सांगायचे तर ३८ मिलीमीटर जाडीचे दार घ्या. कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश ठेवण्याचा रिवाज आहे, म्हणून १२ मिलीमीटर. वरची पट्टी १०० मिलीमीटर रुंद. तिच्या खालच्या कडेला पॅनेलसाठी १२ मिलीमीटर खोल खाच, म्हणून कुसवासाठी उरले ८८. त्यातले वरचे ३० हाँचाला, खालचे ५८ मुख्य कुसवाला. हे ५८ मिलीमीटरचे कुसू पावसाळ्यात पाऊण मिलीमीटरही हलत नाही. सबंध ८८ ठेवले असते तर एक मिलीमीटर हलले असते. फरक दिसायला नगण्य आहे, पण हा रेटा दरवर्षी येतो-जातो, आणि सरसाचा थर असल्या सततच्या सरकण्यानेच सुटतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामाच्या मानकांत १८० मिलीमीटरपेक्षा रुंद पट्टीला दोन कुसवे सांगितली आहेत, तीही याच कारणाने. एकच रुंद कुसू ठेवण्यापेक्षा दोन अरुंद कुसवे आणि मध्ये हाँच ठेवला की फुगवटा वाटला जातो.

इतका शहाणा सांधा मागे का पडला? एका साध्या दुपाखी खिडकीला वरच्या दोन आणि खालच्या दोन अशा चार झडपा धरल्या तर कोपरे होतात १६, आणि सगळेच टोकाचे कोपरे, म्हणजे सगळ्यांना हाँच लागणार. अशा सहा खिडक्यांच्या घराला ९६ सांधे. प्रत्येकात खोल भोक, त्याच्या वर उथळ भोक, आणि समोर तसेच दोन पायऱ्यांचे कुसू. पटाशी आणि मोगरीने हे काम चोख होते, पण दिवस खाते. गिऱ्हाईक मोजते ते झडपेचे क्षेत्रफळ आणि लाकडाचा भाव. कोपऱ्याच्या आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. मग सरळ कुसू, वरून दोन स्क्रू, कोपऱ्यात एक लोखंडी पट्टी, आणि सांध्यात भरपूर फेव्हिकॉल. हाँच गेला तो असा.

इथे पहिला आक्षेप येतो तो फेव्हिकॉलचाच. पांढरा सरस इतका मजबूत असताना आखूड कुसवाचे लाड कशाला? सरस मजबूत असतो हे खरे आहे, चाचणीत कित्येकदा लाकूड तुटते आणि जोड टिकतो. पण सरस दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतो, लाकडाची हालचाल थांबवत नाही. शिवाय तो कुसवाच्या दोन गालांवर धरतो. जिथे आडव्या पट्टीचे कापलेले टोक उभ्या पट्टीच्या कडेला भिडते, तिथे सरस टोकाच्या छिद्रांत शोषला जातो आणि पकड कमजोर राहते. हाँच नसलेल्या कोपऱ्यातला वरचा भाग नेमका असाच टेकलेला असतो. राहिले स्क्रू आणि लोखंडी पट्ट्या. पेणच्या पश्चिमेचा खारेपाट आणि रोह्याखालचे कुंडलिकेचे भरतीचे पाणी ज्यांना माहीत आहे, त्यांना लोखंडाचे काय होते हे सांगायला नको. गंजलेला स्क्रू फुगतो, भोवतीचे लाकूड काळे पडून मऊ होते, आणि जो कोपरा धरायला तो घातला त्यालाच आतून पोखरतो. लाकडी किंवा कळकाची खुंटी सांध्याबरोबरच फुगते-आकसते, म्हणूनच जुन्या कामात ती टिकलेली दिसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फ्लश दरवाजा आणा, सांध्याची कटकटच नको. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने असे दार रुंदीत फारसे हलत नाही, स्वस्त पडते, एका दिवसात बसते. घराच्या आतल्या कोरड्या खोल्यांना त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण पडवीच्या, ओटीच्या, झड लागणाऱ्या दाराला खालच्या कडेतून पाणी चढते, थर सुटायला लागतात आणि मग दुरुस्तीला जागाच उरत नाही. दार फेकावे लागते. पॅनेलच्या दाराची एक पट्टी कुजली तर ती बदलता येते, खालचा सांधा नव्याने करता येतो. ज्याच्या घरी सागाची जुनी चौकट अजून खणखणीत आहे, त्याने तिच्यात फेकून द्यायचे दार बसवणे हे मला पटत नाही.

आता राउटर. हे मशीन म्हणजे हातात धरायची मोटर. तिच्या टोकाला बिट मिनिटाला २० हजारांहून अधिक फेरे घेते, आणि दांड्या दाबल्या की ते सरळ खाली लाकडात उतरते. नुसते हातात धरले तर ते भोक पाडणार नाही, लाकूड खरवडेल. त्याला वाट दाखवायला जिग लागतो. १२ मिलीमीटर जाडीचा सपाट प्लाय घ्यायचा, त्यात चार पट्ट्या चिकटवून चौकोनी टोकांची एक लांबट फट करायची, आणि खाली एक आधारपट्टी ठोकायची, जी दाराच्या उभ्या पट्टीच्या तोंडाला टेकेल. राउटरच्या तळाला धातूची एक गोल कडी, म्हणजे गाइड बुश, बसवतात. ती फटीत फिरते आणि तिच्या मधून बिट खाली जाते. समजा बुशचा बाहेरचा व्यास २० मिलीमीटर आणि बिट १२ चे. फटीची रुंदी बरोबर २० ठेवली की भोक आपोआप १२ रुंद पडते. लांबीला मात्र बुश आणि बिट यांतला ८ मिलीमीटरचा फरक मिळवावा लागतो: ५८ चे भोक हवे तर फट ६६ ची. फटीच्या मध्यापासून आधारपट्टीचे अंतर १९, म्हणजे ३८ जाडीच्या निम्मे. एवढे तीन आकडे नीट जुळले की पुढची ९६ भोके एकाच मापाची निघतात.

हाँचाचे भोक दोन रीतींनी होते. दाराला पॅनेल असेल तर काम अर्धे फुकटात होते. पॅनेलची १२ मिलीमीटर रुंद, १२ खोल खाच उभ्या पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ मारायची. खाच आणि भोक एकाच मध्यरेषेवर आणि एकाच रुंदीचे असल्याने भोकाच्या वरची खाच हेच हाँचाचे घर होते. हाँच १२ लांब ठेवला की तो खाचेचे टोक बुजवून टाकतो. जिगने फक्त खोल भोक पाडायचे. जाळीच्या झडपेला किंवा टेबलाच्या पायाला खाच नसते, तिथे जिगची खरी करामत दिसते. पट्टी ७५ रुंद, त्यात कुसू ५० आणि हाँच २५ असे धरा. फट अखंड ठेवायची, ८३ ची. तिच्या एका टोकाला २५ मिलीमीटरचा लाकडी ठोकळा घट्ट बसवायचा. उरलेल्या ५८ मध्ये बुश फिरवला की ५० चे खोल भोक पडते. मग ठोकळा काढायचा, राउटरवरचा खोली अडवणारा फिरता खिळा उथळ पायरीवर आणायचा आणि पूर्ण फटीत एकदा फिरवायचे. खोल भोकाच्या डोक्यावर १२ मिलीमीटर खोल पायरी तयार. जिग लाकडावरून हललेला नसतो, त्यामुळे दोन्ही भोके रेषेत येतातच. हाताने हीच पायरी काढताना पटाशी खोल भोकाच्या कडेवर घसरते आणि कड चुरते. कसलेल्या हातालाही तिथे जपावे लागते.

बिट एका दमात खोल घालू नये. दर फेरीत ५-६ मिलीमीटर पुरे. वरच्या दिशेने पीळ असलेले बिट भुसा बाहेर ओढते आणि भोकात अडकून जळू देत नाही. सागाचा भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो, काहींच्या अंगावर पुरळही उठते, म्हणून तोंडावर मास्क हवाच. ही गोष्ट आपल्याकडे फार हलक्यात घेतली जाते.

जुने जाणते सुतार राउटरच्या भोकावर एक नेमका आक्षेप घेतात: टोके गोल येतात, आणि कुसू चौकोनी असते. आक्षेप खरा आहे. दोनच उपाय: भोकाची टोके पटाशीने चौकोनी करा, नाहीतर कुसवाच्या कडा कानशीने गोल करा. कानस मारणे पटकन होते. त्याने ताकद जाते का? जात नाही, कारण सरसाची पकड दोन रुंद गालांवर असते. भोकाच्या दोन टोकांच्या भिंती म्हणजे उभ्या पट्टीच्या कापलेल्या रेषा, तिथे सरस तसाही फारसा धरत नाही. मात्र कुसू आरपार काढून बाहेरून पाचरी मारायच्या असतील तर गोल टोके चालत नाहीत. पाचरीने कुसू पसरायला भोकाची टोके चौकोनी आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरती लागतात, आणि ते काम पटाशीचेच. ज्या दारावर रोज पोरे लोंबकळणार आहेत त्याला आरपार कुसू आणि पाचरच द्यावी.

खोलीची मर्यादा हा त्याहून खरा अडथळा आहे. सार्वजनिक बांधकामाची मानके कुसू उभ्या पट्टीच्या रुंदीच्या किमान तीन चतुर्थांश आत जावे असे सांगतात, म्हणजे १०० मिलीमीटरच्या पट्टीत ७५. साधे १२ चे बिट ५० मिलीमीटरच्या आसपास पोहोचते आणि त्यातले १२ जिगची जाडीच खाते. उरतात ३८-४०. लांब बिट मिळते, पण ते थरथरते आणि महाग असते. म्हणून जिगने ४० पर्यंत जायचे आणि पुढचे भोक ड्रिलने पाडून पटाशीने साफ करायचे, हेच शहाणपणाचे. राउटरने कापलेल्या सरळ भिंती पटाशीला वाट दाखवतात, त्यामुळे खालचे कामही सरळ उतरते. मशीन आणि हात यांची अशी वाटणी मला कमीपणाची वाटत नाही. जिथे मोजमाप एकसारखे हवे तिथे मशीन, जिथे अंदाज लागतो तिथे हात.

या वाटणीला हरकत घेणारे म्हणतात, साच्याने काम करणारा कारागीर उरत नाही. हे पेणमध्ये तरी कुणी म्हणू नये. पेण, हमरापूर, जोहे या गावांनी गणपतीच्या मूर्ती साच्यांतूनच घडवल्या आणि त्यावर देशभर नाव कमावले. साच्याने मूर्तीचा बांधा दिला, पण डोळ्यांची आखणी साच्याने होत नाही. ती ज्याच्या हाताला बसली आहे तोच करतो. साच्याने कौशल्य संपवले नाही, ते कुठे खर्च करायचे हे ठरवले. जिगचेही तसेच आहे. भोक एकसारखे पाडण्यात जो जीव जायचा, तो आता लाकूड निवडण्यात, कुठली बाजू तोंडाची धरायची हे ठरवण्यात आणि कुसवाचा बसणारा सैलपणा जोखण्यात लागतो. चांगले कुसू हाताच्या दाबाने आत जाते आणि पट्टी उलटी धरली तर पडत नाही. ठोकून घालावे लागले तर सरस सगळा पुसून निघतो, आणि गळून पडले तर सरसाच्या जाड थरावर सांधा लटकतो. हा अंदाज कुठलाच जिग देत नाही.

तोंडाच्या बाजूबद्दल थोडे जास्त लिहिले पाहिजे, कारण जिगने केलेली दारे बहुतेक इथेच बिघडतात. प्रत्येक पट्टीच्या एका बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि भोक असो वा कुसू, आधारपट्टी नेहमी त्याच बाजूला टेकवायची. एखादी पट्टी अर्धा मिलीमीटर जाड-बारीक निघाली तरी सगळी चूक मागच्या बाजूला जाते, तिथे रंध्याचे दोन हात मारले की काम सपाट होते. खूण न करता मिळेल त्या बाजूने जिग लावला तर तोच अर्धा मिलीमीटर कुठे पुढे, कुठे मागे पडतो, आणि चार कोपरे मिळून दार पिळते. मग चौकटीत एक कोपरा टेकतो आणि समोरचा बोटभर बाहेर राहतो. हाताने काम करणारा चुकतो तेव्हा एकच सांधा चुकतो. जिग चुकीचा लागला की सगळेच चुकतात. म्हणून पहिले भोक नेहमी टाकाऊ तुकड्यात पाडून त्यात कुसू बसवून बघावे.

पैशांचा प्रश्न उरतो. राउटर, बुश, दोन-तीन चांगली बिटे हा खर्च एकट्या सुताराला जड वाटू शकतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश आहे त्यांत सुतार आहे. अवजारांसाठी प्रशिक्षणाच्या सुरुवातीला १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्जाची सोय त्यात आहे. चार-पाच सुतारांनी मिळून एक मशीन घेणेही वावगे नाही, कारण ते रोज लागत नाही. आणि जिगला तर प्लायचे उरलेले तुकडे पुरतात. वीज गेली की राउटर थांबतो हेही खरे, पण भोके एकदा पाडून ठेवली की कुसवे करवतीने कापण्याचे काम विजेवाचून चालते.

असे दार करायला सर्वांत चांगला काळ फाल्गुन ते वैशाख, लाकूड कोरडे असताना. पॅनेल खाचेत सरस न लावता सुटे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंना फुगायला जागा सोडायची. उभ्या पट्ट्या मापापेक्षा २०-२५ मिलीमीटर लांबच ठेवायच्या, म्हणजे भोक पाडताना आणि सांधा दाबताना टोक फाटत नाही. सरस पक्का वाळला, दार चौकटीत धरून पाहिले, चारही कोपरे गुण्याला बरोबर आले, की मगच ती जादा टोके करवतीने कापायची. कापलेल्या टोकावर तेव्हा हाँचाची कड उघडी पडते: १२ मिलीमीटर जाड आणि तेवढीच लांब, चौकोनी खुंटीच्या टोकासारखी, उभ्या पट्टीच्या रेषांत घट्ट बसलेली.